नदीकाठचं रान आणि पुलाचं नाव : पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विठ्ठलवाडीचा घाट असो, औंध-बाणेरकडचा राम नदी आणि मुळेचा संगम (राम-मुळा संगम) असो की येरवड्याचा पक्ष्यांचा काठ, नदीवर येणारे लोक आम्हाला, म्हणजे काठावर श्रमदान करणाऱ्या स्वयंसेवकांना, फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. निम्मे प्रश्न काठाविषयी असतात आणि निम्मे पुलांविषयी. आम्ही दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी दिली आहेत, कारण पूल शेवटी काठावरच टेकतो. काठाची काळजी घेणाऱ्या माणसांना पुलाबद्दल, त्याच्या नावाबद्दलही बोलण्याचा हक्क आहे, असं आम्ही मानतो.

नदीकाठी नुसती झुडपं आणि चिखल दिसतो. त्यात सांभाळण्यासारखं काय आहे?

पुलावरून, गाडीतून पाहिलं तर खरंच एवढंच दिसतं. खाली उतरून काठाकाठानं हळू चाला. पाण्याला लागून लव्हाळे आणि पाणकणीस असतं. जिथे खडक उघडा आहे तिथे शेरणीची झुडपं दिसतील. पुराचा लोंढा अंगावरून गेला तरी आडवी होऊन पुन्हा उभी राहणारी ही वनस्पती आहे. त्यामागे वाळुंज, मग करंज, उंबर, जांभूळ आणि वर मोकळ्या जागेत बाभळी. हे पट्टे कोणी लावलेले नाहीत. पाणी किती दिवस कुठवर येतं, त्यानुसार ज्याची त्याची जागा ठरलेली आहे.

प्रत्येक पट्ट्यात वेगळी वस्ती असते. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, बाभळीवर सुगरणीची घरटी, उथळ पाण्यात शेकाटे, काठावर शेपूट हलवत फिरणारा धोबी, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर खंड्या. हिवाळ्यात चक्रवाक आणि तलवार बदकं उत्तरेकडून येतात. एवढ्या घाण पाण्यातही ती येतात, याचं मुख्य कारण म्हणजे काठ अजून काही ठिकाणी मऊ आहे, उतरता आहे. उभी दगडी भिंत बांधली तर शेकाट्याला पाय टेकवायला जागा उरत नाही.

माणसाच्या फायद्याचं पाहिलं तरी हा काठ कामाचा आहे. मुळं माती धरून ठेवतात, झाडोरा पुराच्या पाण्याचा वेग मोडतो, आणि पाणी पसरायला जागा मिळाली की ते घरांत कमी शिरतं. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलं, तेव्हा पाण्याची ही जागा आपण कुठे कुठे घेतली आहे ते सगळ्या शहरानं पाहिलं.

ही जमीन नक्की कोणाची?

एका मालकाची नाही, आणि अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रत्यक्ष पात्र सरकारी आहे आणि पूररेषा आखणं जलसंपदा विभागाचं काम आहे. काठावर कुठे महापालिकेच्या ताब्यातली जागा आहे, कुठे खासगी सर्व्हे नंबर आहेत, खडकीच्या बाजूला लष्कराची जमीन आहे. त्यामुळे “हे आमच्याकडे येत नाही” असं उत्तर तुम्हाला एकापेक्षा जास्त खिडक्यांवर मिळेल. त्याला एकच उपाय आहे. आपल्या भागाचा विकास आराखड्याचा नकाशा काढून घ्या आणि त्यावर निळी व लाल रेषा शोधा.

निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध आहेत. हे नुसतं कागदावर राहत नाही. विठ्ठलवाडीकडून महामार्गाला जोडणारा रस्ता नदीत भराव टाकून होत होता, तेव्हा नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. २०१३ च्या निकालात न्यायाधिकरणानं निळ्या रेषेच्या आतला भराव अमान्य केला. रस्ता तिथून हटवा, नाहीतर तेवढा भाग खांबांवर उचला, असं सांगितलं. ज्यांनी हा लढा दिला त्यांच्या हातातलं मुख्य हत्यार म्हणजे रेषा आखलेला नकाशा. म्हणून आमचा आग्रह असा की नदीवर काम करणाऱ्या प्रत्येक गटाकडे आपल्या भागाचा हा नकाशा घरात असावा.

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तर आहेच की! मग काळजी कसली?

येरवडा-कल्याणीनगरजवळच्या त्या काठाला सगळे अभयारण्य म्हणतात, पाटीवरही तसंच असतं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अधिसूचना निघालेलं ते अभयारण्य नाही. त्यामुळे कायद्यानं अभयारण्याला मिळणारं संरक्षण त्या जागेला आपोआप मिळत नाही. कै. प्रकाश गोळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि पक्षिनिरीक्षकांनी वर्षानुवर्षं तिथल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, लोकांना तिथे नेलं, म्हणून त्या जागेला नाव मिळालं आणि ती आजवर टिकली. तिथे राडारोडा पडताना दिसला तर “कोणीतरी सरकारी माणूस बघत असेलच” असं धरून पुढे जाऊ नका.

पाणथळ जागांचे नियम इथे लागू होत नाहीत का?

थेट नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून नदीचं मुख्य पात्र वगळलेलं आहे. म्हणून तक्रार करताना त्या नियमांवर सगळी भिस्त ठेवू नका. पूररेषा, झाडांचा कायदा आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी यांचा आधार जास्त पक्का आहे.

नदीकाठ विकास प्रकल्पाला तुमचा विरोध आहे का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. नद्यांचे काठ बांधून सुशोभित करण्याचा हा प्रकल्प महापालिका हद्दीतल्या ४४.४ किलोमीटर लांबीचा आहे : मुळा २२.२, मुठा १०.४ आणि संगमानंतरची मुळा-मुठा ११.८. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. काम आधी संगमवाडी ते बंडगार्डन आणि तिथून पुढे मुंढव्याकडे सुरू झालं. आराखडा करणारी संस्था अहमदाबादेत साबरमतीचा काठ घडवणारीच आहे.

लोकांना नदीपर्यंत पोचता यावं, नाल्यांचं मैलापाणी अडवावं, काठावरचा राडारोडा निघावा, हे आम्हालाही हवं आहे. आमचा आक्षेप बंधाऱ्यासारखे भराव घालून पात्र बांधून काढण्याला आणि जुनी झाडं तोडण्याला आहे. मुठा ही सह्याद्रीतून उतरणारी, पावसाळ्यात अंगावर येणारी आणि उन्हाळ्यात खडक उघडे टाकणारी नदी आहे. साबरमतीसारख्या सखल प्रदेशातून वाहणाऱ्या नदीचा साचा तिला बसत नाही. २९ एप्रिल २०२३ रोजी हजारो पुणेकर चिपको मोर्चाला रस्त्यावर आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राम-मुळा संगमाच्या झाडांसाठी पुन्हा आले. त्यांत शाळेतली मुलं होती, आजी-आजोबा होते, सोसायट्यांचे अध्यक्ष होते. एवढ्या लोकांना रस्त्यावर यावं लागलं, कारण आराखड्याच्या रेघा पक्क्या होण्याआधी त्यांना कोणी नदीवर बोलावून “तुम्हाला इथे काय हवंय?” असं विचारलं नव्हतं.

तुमचं मत आमच्यापेक्षा वेगळं असलं तरी श्रमदानाला या. काठावर काम करताना प्रकल्पाचे समर्थकही आमच्या शेजारी असतात.

झाडावर नोटीस चिकटवलेली दिसली. आता काय करायचं?

सगळ्यात आधी तारखेसह फोटो काढा. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार तोडण्याआधी जाहीर सूचना द्यावी लागते, वर्तमानपत्रात आणि त्या झाडावरही. हरकत नोंदवायला सात दिवस असतात. ते फार पटकन संपतात, विशेषतः मध्ये सुट्ट्या आल्या तर.

हरकत लेखी द्या, पोच घ्या. “झाडं तोडू नका, पर्यावरण वाचवा” एवढंच लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं सोपं असतं. त्याऐवजी झाड कोणतं, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर किती, ते निळ्या रेषेच्या आत आहे का, त्यावर घरटी किंवा ढोली आहेत का, आणि ते न तोडता काम कसं होऊ शकतं, हे लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट घातली आहे. त्यामुळे वयाचा मुद्दा अर्जात आवर्जून घ्या. नोटिशीत लिहिलेलं वय खरंच बरोबर आहे का, ते जाणकाराला दाखवून तपासा. काठावरच्या उंबराचं, करंजाचं वय सुशोभीकरणातल्या गुलमोहोरासारखं मोजून चालत नाही.

कागदपत्रं कुठे मिळतात? अधिकारी दाद देत नाहीत.

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. त्यासाठी अर्ज लागत नाही. ही सोय फार थोड्या लोकांना माहीत आहे. वही-पेन घेऊन जा, शांतपणे फाइल मागा, पानांचे क्रमांक टिपून घ्या.

त्यानं भागलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून एका अर्जात नदी, झाडं, ठेकेदार आणि पुलाचा खर्च असं सगळं कोंबू नका. आधी फाइल पाहिली असेल तर नेमका कागद मागता येतो, हा सोमवारच्या फेरीचा आणखी एक फायदा.

श्रमदानाला यायचं आहे. काय काम असतं?

बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, पाण्याची बाटली. बाकीचं साहित्य गटाकडे असतं. काम मुख्यतः प्लॅस्टिक, कापडाच्या चिंध्या, थर्माकोल आणि फोटोफ्रेमा काढायचं. हो, देवाच्या जुन्या तसबिरी फार सापडतात. काच वेगळी, लाकूड वेगळं, चित्र आदरानं वेगळं ठेवतो.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे. सफाई म्हणजे जमीन चकाचक करणं नव्हे. पडलेला पालापाचोळा जाळू नका, उलथून पडलेलं झाड ओढून काढू नका, पाणकणीस सरसकट कापू नका. त्यातच घरटी असतात. मार्च ते जूनमध्ये दगडगोट्यांच्या मोकळ्या पट्ट्यावर पाय फार जपून टाका. टिटवी तिथे उघड्यावरच अंडी घालते आणि ती गोट्यांत दिसतच नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आल्या वाटेनं मागे फिरा.

जेसीबी आणून “एका दिवसात काठ साफ करून देतो” असं म्हणणारे दानशूर लोक भेटतात. त्यांचं मन मोठं असतं, पण त्यांना नम्रपणे नाही म्हणा. जेसीबीनं खरवडलेल्या काठावर पुढच्या पावसात आधी सुबाभूळ आणि गाजरगवत उगवतं, आणि माती वाहून जाते ती वेगळीच.

आमच्या सोसायटीला वाढदिवसानिमित्त झाडं लावायची आहेत. नदीवर लावू का?

बहुतेक ठिकाणी लावायची गरजच नसते. बी-बियाणं पाणी आणतं, पक्षी आणतात. गुरांपासून, आगीपासून आणि राडारोड्यापासून जागा दोन-तीन पावसाळे राखली तर काठ स्वतःच भरून येतो. लावायचंच असेल तर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशी तिथलीच झाडं लावा, आणि ती पाण्याच्या वाटेत न लावता वरच्या उतारावर लावा. गुलमोहोर, गिरिपुष्प, निलगिरी नको. आणि झाडाला नावाची पाटी खिळ्यानं ठोकू नका.

वाढदिवसाला खरंच काही द्यायचं असेल तर त्या दिवशी आपल्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं, ते शोधून काढा. पुढचं उत्तर वाचलंत की कळेल का ते.

कचरा काढला की नदी स्वच्छ होते का?

नाही. मुळा-मुठेचं मूळ दुखणं प्रक्रिया न झालेलं मैलापाणी आहे. ते नाल्यांतून, पावसाळी गटारांतून थेट नदीत येतं. जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तोही याच पाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. त्यात घराघरांतले कपडे आणि भांडी धुण्याचे साबण भर घालतात. जपानच्या मदतीचा ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यात ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं आणि रोज ३९६ दशलक्ष लिटर प्रक्रियेची क्षमता ठरली. ही केंद्रं पूर्ण ताकदीनं चालणं, त्यांना नाल्याचं पाणी प्रत्यक्ष जोडलं जाणं आणि त्यांच्या चाचण्यांचे आकडे लोकांना दिसणं, हे काठावरच्या कोणत्याही सुशोभीकरणाच्या आधी व्हायला हवं.

मग श्रमदान कशाला? कारण जो माणूस रविवारी सकाळी वाकून चिखलातून चिंधी ओढतो, तोच पुढे मैलाशुद्धीकरण केंद्राचे आकडे मागायला सोमवारी महापालिकेत जातो. जीवितनदी ही संस्था ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ हा उपक्रम चालवते. काठाचा एक तुकडा घ्यायचा, त्याच्यावर वर्षभर लक्ष ठेवायचं, नदीफेरी काढायची आणि घरातली घातक रसायनं कमी करायची, असा तो एकत्र विचार आहे. नवीन गटांनी तिथून सुरुवात करावी.

नदीवर धुणी धुणारे, गुरं आणणारे, मासे धरणारे लोक असतात. त्यांना हटवायचं का?

मुळीच नाही. भोई, परीट, गवळी आणि काठच्या वस्त्यांतली माणसं नदीला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखतात. कोणत्या डोहात कोणता मासा राहिला आणि कोणता गेला, पूर आधी कुठून चढतो, हे त्यांना ठाऊक असतं. बैठका संध्याकाळी, त्यांच्या सोयीच्या वेळी घ्या आणि इंग्रजी सादरीकरणं बंद करा.

आमच्या नोंदींना सरकारदरबारी काही किंमत आहे का?

आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिनं लोकांच्या मदतीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या पक्ष्यांच्या, झाडांच्या, माशांच्या नोंदी तारीख, जागा आणि फोटोसह त्या समितीला लेखी कळवा. उद्या न्यायालयात “इथे काहीच नव्हतं” असं कोणी म्हणालं तर उत्तर द्यायला हा कागद उपयोगी पडतो.

महापालिकेकडून पैसे मिळतात का?

थोडे मिळतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. ठरलेल्या मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करून प्रभागातलं छोटं काम सुचवता येतं. घाटाच्या पायऱ्यांची दुरुस्ती, माहितीफलक, राडारोड्याचे ट्रक अडवणारे दगड अशी कामं सुचवा. पेव्हर ब्लॉक सुचवू नका.

आता पुलाकडे येऊ. पुलाचं नाव कोण ठरवतं?

पूल महापालिकेचा असेल तर महापालिका. साधारण वाट अशी : नगरसेवक किंवा नागरिकांचा प्रस्ताव येतो, तो नाव समितीपुढे जातो आणि शेवटी मुख्य सभा मंजुरी देते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुण्यात बराच काळ प्रशासक होता, तेव्हा सभेचे अधिकार आयुक्तांकडे होते. पूल राज्य सरकारच्या यंत्रणेनं बांधला असेल तर निर्णय राज्य पातळीवर होतो. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूला अटलबिहारी वाजपेयींचं नाव राज्य मंत्रिमंडळानं दिलं. गोव्यात मांडवीवरच्या तिसऱ्या पुलालाही अटल सेतू हेच नाव आहे.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी पूल कोणाचा, ते नक्की करा.

लोकांनी ठेवलेलं नाव टिकतं का? शेवटी पाटी लागते तेच खरं ना?

पुण्याचा अनुभव उलट आहे. लकडी पूल पेशवाईत लाकडाचा होता. लाकूड जाऊन दगड आला, अधिकृत नाव छत्रपती संभाजी महाराज पूल झालं, तरी रिक्षावाल्याला आपण ‘लकडी पूल’ म्हणूनच सांगतो. शनिवारवाड्याजवळचा १९२३ चा पूल तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावानं लॉईड ब्रिज होता. स्वातंत्र्यानंतर त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, आणि शंभरी उलटली तरी लोकांसाठी तो नवा पूलच आहे. बंडगार्डनच्या पुलाचं फिट्झजेराल्ड हे नाव इतिहासाच्या पुस्तकात सापडतं, बोलण्यात नाही. झेड ब्रिजला तर त्याच्या वळणानंच नाव दिलं.

एक नाव मात्र पाटीवरचं आणि तोंडातलं एकच आहे : बाबा भिडे पूल. त्याचं कारण नदी आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा खालचा पूल बुडतो आणि गावभर एकच बातमी होते, “भिडे पूल पाण्याखाली गेला.” दर पावसाळ्यात उच्चारलं जातं म्हणून ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. जी नावं माणसांच्या रोजच्या कामाला येतात ती राहतात. नाव सुचवताना हा निकष डोळ्यांपुढे ठेवा : ते घाईत, बसमध्ये, फोनवर पत्ता सांगताना सहज म्हणता येईल का?

मग व्यक्तीचं नाव सुचवूच नये का?

सुचवावं, जर त्या व्यक्तीचा त्या नदीशी, त्या काठाशी खरा संबंध असेल. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात जीव धोक्यात घालून माणसं वाचवणारे लोक याच काठांवरचे होते. नदीचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलेली माणसं या शहरात झाली. त्यांच्यापैकी कोणाचं नाव पुलाला मिळालं तर आम्हाला आनंदच होईल. थोर पुरुषांची नावं आधीच शहरात अनेक ठिकाणी आहेत. पाचव्या चौकाला तेच नाव दिल्यानं त्यांचा मान वाढत नाही आणि पत्ता सांगणं मात्र अवघड होतं.

आमची पसंती जागेच्या नावाला आहे. घाट, ओढा, जुनं गाव, संगम, तिथलं झाड. करंज, वाळुंज, उंबर ही पुलाची नावं का असू नयेत? जातिवाचक वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्यानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे, त्यामुळे जुनं नाव पुन्हा पुढे आणताना तेही तपासून घ्या.

पुलाचं नाव खरंच लोकांना विचारून ठेवलंय, असं कुठे झालंय का?

झालंय, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात विलामेट नदीवर नवा पूल होत होता. त्यावरून रेल्वे, बस, सायकली आणि पायी माणसं जाणार होती. खासगी मोटारींना त्यावर प्रवेशच नाही. वाहतूक संस्थेनं नावं मागवली, तेव्हा साडेनऊ हजारांच्या आसपास सूचना आल्या. इतिहासकार चेट ऑर्लोफ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं त्यातून चार नावं निवडून पुन्हा लोकांपुढे ठेवली. त्यांत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या ॲबिगेल स्कॉट डनिवे यांचं नाव होतं, आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या परंपरेतलं ‘वाय-ईस्ट’ हे डोंगराचं नावही होतं. एप्रिल २०१४ मध्ये ‘तिलिकम क्रॉसिंग, लोकांचा पूल’ हे नाव जाहीर झालं. तिलिकम हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या चिनूक व्यापारी बोलीतला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये पूल खुला झाला.

सगळे खूश झाले असं नाही. रस्त्यावर ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका दिवंगत कलावंताचं नाव द्यावं म्हणून पुष्कळ लोकांनी जोर लावला होता, पण ते नाव शेवटच्या चारांत आलं नाही. म्हणजे तिथेही केवळ मतं मोजली नाहीत. सूचना सगळ्यांच्या घेतल्या, निवड समितीनं केली, आणि समितीत कोण आहे हे लोकांना माहीत होतं. पुण्याला हीच पद्धत योग्य वाटते. नुसतं ऑनलाइन मतदान ठेवलं तर ज्याच्याकडे कार्यकर्ते जास्त त्याचं नाव येईल.

त्याच नदीवर, पुलाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, ओक्स बॉटम नावाची दीडशे एकरांहून मोठी पाणथळ जागा आहे. तिच्या दोन टोकांना कचऱ्याचे भराव पडले होते, तिथे काय काय बांधायचे बेत होते. १९८० च्या दशकात निसर्गप्रेमींनी सरकारची वाट न पाहता तिथे वन्यजीव आश्रयस्थानाच्या पाट्या लावल्या, माइक हाउक हे त्यांतले पुढचे कार्यकर्ते. लोक त्या नावानं ती जागा ओळखू लागले, आणि १९८८ मध्ये शहरानं तिला तसा अधिकृत दर्जा दिला. येरवड्याच्या काठाची अर्धी गोष्ट हीच आहे. आपल्याकडे अधिकृत दर्जाचं पाऊल तेवढं राहिलं आहे.

नावाच्या चर्चेत आत्ता पडायचं, की आधी आणखी काही विचारायचं?

आधी बरंच काही विचारायचं. आमचा सगळ्यात मोठा आग्रह हाच आहे. पुलाच्या नावावरून मोर्चे निघतात, फलक लागतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. त्याच पुलाची जागा ठरत असताना मात्र सूचना देणारे मोजकेच असतात. नाव नंतर बदलता येतं, खांब हलवता येत नाहीत.

म्हणून पूल जाहीर झाला की हे विचारा : पात्रात किती खांब येणार आणि शंभर वर्षांच्या पुरात त्यांच्यामुळे पाणी किती फुगणार? जोडरस्ते काठावर भराव टाकून येणार की खांबांवरून? बांधकामासाठी टाकलेला तात्पुरता भराव पावसाळ्याआधी निघणार का, आणि तो काढायची जबाबदारी निविदेत लिहिली आहे का? कोणती झाडं जाणार? रात्रीचे दिवे पाण्यावर मारलेले असतील की फक्त रस्त्यावर? खालून काठानं चालणाऱ्या माणसाला आणि मुंगसाला वाट उरते का? पादचाऱ्याला पुलावरून नदीकडे उतरता येईल का? यांतला तात्पुरत्या भरावाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नद्यांत वर्षानुवर्षं राहून जाणारे ढीग पुष्कळदा त्यातूनच आलेले असतात.

विचारायची वेळ विकास आराखड्याच्या हरकती-सूचनांची. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर त्यासाठी ठरावीक मुदत मिळते. जुन्या पुण्याच्या २०१३ च्या प्रारूपावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या, आणि समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकलं तेही नागरिक वर्षानुवर्षं मागे लागले म्हणूनच. नदीला तेवढी हक्काची माणसं अजून मिळायची आहेत.

नावाचा अर्ज नेमका कसा लिहावा?

दोन पानांपेक्षा मोठा नको. पहिल्या परिच्छेदात पूल कुठून कुठे, आणि नाव. मग त्या नावाचा जागेशी संबंध : जुना नकाशा, घाटावरचा शिलालेख, वस्तीतल्या ज्येष्ठांनी सांगितलेली, सहीनिशी लिहून घेतलेली माहिती. दोन्ही काठांवरच्या लोकांच्या सह्या घ्या. एकाच काठाच्या सह्यांचा अर्ज पलीकडच्यांना परका वाटतो. शहरात त्याच नावाचा दुसरा रस्ता किंवा पूल नाही हे तपासून तसं लिहा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, नगरसेवकाला आणि नगरसचिव कार्यालयात द्या, तिन्हीकडे पोच घ्या. आणि नावाबरोबर एक मागणी जोडा : पुलाच्या दोन्ही टोकांना नदीची माहिती देणारा मराठी फलक, त्यावर पूररेषेची खूण आणि तिथल्या झाडा-पक्ष्यांची नावं.

आम्ही नाशिकला, कोल्हापूरला, सांगलीला राहतो. हे आम्हाला लागू आहे का?

झाडांचा कायदा महाराष्ट्राच्या सगळ्या नागरी भागांत लागू आहे. माहिती अधिकाराचे नियम, सोमवारची अभिलेख पाहण्याची सोय, पूररेषा आणि विकास आराखड्याच्या हरकती या गोष्टीही राज्यभर त्याच आहेत. नाव समितीची पद्धत आणि नागरिकांच्या अंदाजपत्रकाची सोय आपल्या महापालिकेत विचारून घ्या. गोव्यात झाडांचा आणि नगररचनेचा कायदा वेगळा आहे, तिथल्या स्थानिक गटांशी बोला.

मुलांना आणावं का?

जरूर आणा, पण पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्याच्या दिवसांत पात्रात उतरवू नका. पाण्याला हात लावू देऊ नका, घरी गेल्यावर साबणानं हातपाय धुवायला सांगा. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर आमच्याकडची आळीपाळीनं वापरू. सकाळी सातच्या आत आलात तर पक्षी जास्त दिसतात.